एका भिंतीला दोन दारं

तनुजा : आत्या, हात धुवा आन् इकडं या. लवकर.

मल्लम्मा : भाकर तव्यावर हाय गं. करपंल.

तनुजा : करपू द्या. लीला कॉलेजातून यायच्या आत बघून घ्या. तिच्यासमोर मला हे बोलायचं न्हाई.

मल्लम्मा : काय बघायचं? टीव्हीत ईश्वरच तर दिसायलाय. म्हंजे मोबाईलच्या दुकानातल्या फरहाननं दुरुस्त करून दिलं म्हण की.

तनुजा : दिलं. परवा नुसता आवाज येत होता, चित्र न्हाई. फरहान म्हणला, “वहिनी, तुमच्या टीव्हीला ही असली फाईल चालत न्हाई,” आन् त्यानं सगळ्या बदलून दिल्या पेन ड्राइव्हमधी.

मल्लम्मा : मग तोंड कशाला पाडलंस? बारावीच्या वर्षात पोरीच्या हातात मोबाईल नको, म्हणून तर बापानं तिला हे पाठवलं. माझा लेक लातूरच्या क्लासात शिकवतोय आन् नात निलंग्यात घरात बसून बघायलीय. भाग्यच म्हणायचं.

तनुजा : तुमच्या लेकाचं शिकवणं सोडा. चष्मा लावा. हितं थांबवते मी. टेबलाच्या कडेला काय दिसून राहिलं?

मल्लम्मा : कप हाय. चहाचा.

तनुजा : आन् कपाला धरलेलं?

मल्लम्मा : हात.

तनुजा : कुणाचा?

मल्लम्मा : मला काय ठाव कुणाचा? बाईचा हाय. बांगड्या हायत की.

तनुजा : मनगटभर काचेच्या बांगड्या. आता पुढं सोडते, ऐका काय म्हणतात ते.

मल्लम्मा : “ठेव गं तिथं” म्हणला. त्यात काय?

तनुजा : गं म्हणले, आत्या. परक्या बाईला कुणी गं म्हणतं का?

मल्लम्मा : मास्तर माणूस हाय. दिवसभर पोरींना गं न् पोरांना रे करतो. क्लासात चहापाण्याला एखादी बाई ठेवली असंल.

तनुजा : क्लासात चहा शरणप्पा देतो. पांढऱ्या मिशांचा, म्हातारा. मी दोनदा गेलेय तिथं. त्याच्या हातात बांगड्या न्हाईत.

मल्लम्मा : तुझ्या डोक्यात भुंगा शिरला की निघत न्हाई बघ.

तनुजा : आजचा न्हाई हा भुंगा. पावसाळ्यापासून हाय. आधी रविवारी घरी आले की पिशवीभर मळके कपडे आणायचे. आता कपडे धुऊन येतात, घडी घालून. आधी बाहीला खडू लागलेला असायचा, धुऊन निघत न्हवता. आता बाही कोरी. विचारलं तर म्हणाले, क्लासात पांढरा फळा आला. संध्याकाळी फोन लावला तर लागत न्हाई. म्हणाले, रेंज न्हाई. लातूरसारख्या ठिकाणी रेंज न्हाई?

मल्लम्मा : हे मला कधी बोलली न्हाईस.

तनुजा : कसं बोलू? तुमचा लेक हाय तो. आता पण विचारते, खरं सांगा, तुम्हाला काही ठाव हाय का? तुम्ही दोघं ओट्यावर बसून हळू हळू बोलत असता.

मल्लम्मा : अय्यो! माझ्यावर पण आली का तू? आम्ही माझ्या गुडघ्याचं बोलत असतो गं. दुसरं काय बोलणार?

तनुजा : चुकलं. पण मला आता कुणाचंच खरं वाटंना गेलंय.

मल्लम्मा : बंद कर ते. डोळ्याला त्रास.

तनुजा : थांबा, एक करते. चित्र कापून येतंय, त्यांचं डोकं अर्धंच दिसून राहिलं. रिमोटमधी स्क्रीन साइज असती, ती बदलते. ती बाई कडेला कुठं उभी दिसली तर बघू. हां, आलं पूर्ण.

मल्लम्मा : थांब. तनू, थांब तिथंच.

तनुजा : दिसली का?

मल्लम्मा : बाईचं सोड. फळ्याच्या ह्या अंगाला काय हाय?

तनुजा : दार हाय.

मल्लम्मा : आन् त्या अंगाला?

तनुजा : ते पण दारच. आधी दिसत न्हवती ही दोन्ही. कडा कापल्या जात होत्या.

मल्लम्मा : एका खोलीला, एकाच भिंतीत, दोन दारं कोण ठेवतं गं?

तनुजा : क्लास मोठा असंल. पोरं एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर.

मल्लम्मा : दुसऱ्या दाराची चौकट बघ. एका बाजूला खाली गेलीय. शेजारी गिलावा न्हाई, नुसती माती थापलेली. तुझ्या सासऱ्यानं थापलेली हाय ती.

तनुजा : काय म्हणून राहिल्या तुम्ही?

मल्लम्मा : ते आपलं घर हाय. नव्या गावातलं.

तनुजा : भूकंपानंतर मिळालेलं? आत्या, तशी घरं रांगेनं हायत. सगळी एकसारखी.

मल्लम्मा : सगळी एकसारखी, पण दोन दाराचं एकच. तुला कुणी सांगितलं न्हाई का? त्या रात्री गणपती बुडवून आलो आन् झोपलो. हे आन् ईश्वर अंगणात बाजेवर. मी न् माझी महादेवी आत. पहाटं घर हललं तशी मी दाराकडं पळाले, ती माझ्या मागं. मी बाहेर पडले आन् चौकट दबली. दार अर्ध्यात अडकलं. पोरगी आतून अव्वा अव्वा करत होती, मी बाहेरून ओढत होते. मग वरची माती आली खाली.

तनुजा : हे ठाव हाय मला. दाराचं ठाव न्हवतं.

मल्लम्मा : सिमेंटचं घर मिळालं तरी मी आत झोपंना. वर स्लॅब, आन् दार एकच. तुझे सासरे एक शब्द बोलले न्हाईत. पहार घेतली आन् भिंत फोडली. सरकारी माणूस आला, ओरडला, हे फोडतच होते. चौकट वाकडी बसली. मी म्हणलं, असू दे वाकडी.

तनुजा : पण ते घर भाड्यानं दिलंय म्हणले होते. सोयाबीनची पोती ठेवायला.

मल्लम्मा : मला बी तसंच सांगितलं.

तनुजा : पोती कुठंच दिसून राहिली न्हाईत. फळा हाय. टेबल हाय. कप हाय.

मल्लम्मा : आन् बाई हाय.

तनुजा : आत्या, तुमचा आवाज का बदलला?

मल्लम्मा : माझ्या घरात? ज्या घराला मी असं दार पाडून घेतलं, त्या घरात हा बाई आणून ठेवतो? लाव फोन. मला ऐकू येईल असा लाव.

तनुजा : राहू द्या. रविवारी येतील तेव्हा बघू.

मल्लम्मा : आता भ्यायलीस व्हय? मघाशी माझ्यावर चढली होतीस. लाव म्हणते ना.

तनुजा : लागला. रिंग जाऊन राहिली.

ईश्वरप्पा : हां, तनुजा, बोल लवकर. क्लास चालू हाय. पोरं समोर बसलीत.

तनुजा : पोरांचा आवाज येत न्हाई.

ईश्वरप्पा : पेपर सोडवायलेत. महत्त्वाचं नसंल तर संध्याकाळी बोलू का?

तनुजा : संध्याकाळी रेंज नसती तुम्हाला. हे काय ओरडलं?

ईश्वरप्पा : कुठं काय?

तनुजा : शेळी ओरडली. तुमचा क्लास दुसऱ्या मजल्यावर हाय ना?

ईश्वरप्पा : खाली रस्त्यावर असंल. ठेवतो मी आता.

मल्लम्मा : ईश्वर.

ईश्वरप्पा : अव्वा? तू पण हायस का?

मल्लम्मा : रात्री झोपताना दुसऱ्या दाराला कडी लावतोस का उघडं ठेवतोस?

ईश्वरप्पा : कुठलं दार, अव्वा?

मल्लम्मा : तुझ्या बापानं फोडलेलं. बोल की. लावतोस का उघडं ठेवतोस?

ईश्वरप्पा : उघडं ठेवतो.

(मल्लम्मा चष्मा काढून पदरानं पुसते.)

ईश्वरप्पा : कुणी सांगितलं?

तनुजा : कुणी न्हाई. तुम्हीच पाठवलं. टीव्हीवर दोन्ही दारं दिसून राहिली, फळ्याच्या दोन्ही बाजूंनी.

ईश्वरप्पा : मोबाईलमध्ये मी बघितलं होतं. कडेला नुसतं अंधारं दिसत होतं.

तनुजा : टीव्ही मोठा हाय. ती बाई पण दिसली.

ईश्वरप्पा : बाई न्हाई गं तिथं कुणी. ऐक आधी. क्लासनं काढलं मला. जूनमध्ये.

तनुजा : काय?

ईश्वरप्पा : राजस्थानातून नवे सर आणले. पालक बोर्डावरचे फोटो बघून प्रवेश घेतात आता. आधी माझा फोटो उतरवला, मग मला. मालक म्हणाला, सर, तुमचं शिकवणं चांगलं हाय, पण पोरांना वेग पाहिजे.

तनुजा : जून! म्हणजे सगळा पावसाळा, दसरा, दिवाळी. दर रविवारी जेवताना क्लासातल्या गोष्टी सांगून राहिले होते तुम्ही. पोरी काय म्हणल्या, कोण रडलं, कोण झोपलं.

ईश्वरप्पा : त्या खऱ्या होत्या. जुन्या होत्या एवढंच.

तनुजा : आम्ही हसत होतो त्याला.

ईश्वरप्पा : हाव. म्हणून तर सांगत होतो.

मल्लम्मा : मग आता काय करतोस रे तिथं?

ईश्वरप्पा : व्हिडिओ बनवतो, अव्वा. देगलूरला एकानं क्लास काढलाय. बायोलॉजीचा मास्तर ठेवणं त्याला जमत न्हाई. पोरांना टीव्हीसमोर बसवतो आन् माझ्या फाईली लावतो. मी बनवून पाठवतो. लीलाला दिल्या त्या त्याच हायत. पोरांना माझं नाव पण ठाव न्हाई, पण ऐकतात.

तनुजा : बांगड्या कुणाच्या?

ईश्वरप्पा : हुस्नाच्या. शेजारच्या चांदबीची सून. बारावीला बाहेरून बसलीय, तिला नर्सिंगला जायचंय. मी तिला शिकवतो, ती माझा मोबाईल धरून उभी राहती.

तनुजा : मोबाईल तिनं धरला होता तर चहा कुणी ठेवला?

ईश्वरप्पा : अगं, त्या दिवशी खिडकीत ठेवला होता, डब्याला टेकवून.

तनुजा : आन् कपडे कोण धुतं?

ईश्वरप्पा : मी. हौदावर. दिवसभर दुसरं काय करणार?

तनुजा : घडी?

ईश्वरप्पा : ती पण मीच. तुझ्यासारखी जमत न्हाई, बघितलीस ना?

तनुजा : मला कसं कळणार खरं काय ते? आता सांगून राहिले ते खरं आन् आधीचं खोटं, का हे पण जुन्यातलंच?

ईश्वरप्पा : चहा ठेवला तिथनं पुढं बघ. थोडं पळव. फळ्यापासून मी बाजूला होतो तेव्हा उंबऱ्यात चांदबी दिसंल. सुनेला एकटी पाठवत न्हाई ती.

मल्लम्मा : पळव गं. पळव पुढं.

तनुजा : पळवून राहिले. हृदयाचं चित्र काढलं. आता बाजूला झाले.

मल्लम्मा : थांबव! उंबऱ्यात कोण हाय ते? पदर तोंडावर घेतलाय.

तनुजा : भिंतीला टेकून बसलंय कुणीतरी.

मल्लम्मा : चांदबीच. ते पाय ओळखते मी, जुन्या गावापासून शेजारी हाय माझी. झोपलीय की गं ती!

ईश्वरप्पा : रोज झोपती, अव्वा. घोरायला लागली की मला परत पहिल्यापासून बोलावं लागतं.

मल्लम्मा : संक्रांतीला निलंग्याच्या बाजारात भेटली होती मला. हात धरून बोलली. ह्यातलं एक अक्षर काढलं न्हाई तिनं.

ईश्वरप्पा : मी शपथ घातली होती. सगळ्या गल्लीला.

मल्लम्मा : सगळ्या गल्लीला ठाव, आन् आईला न्हाई.

तनुजा : मला का सांगितलं न्हाई तुम्ही?

ईश्वरप्पा : सांगणार होतो. त्याच आठवड्यात हदगावहून तुझा भाऊ आला, पोरीला घेऊन. “भावजी, पुढच्या वर्षी तुमच्याच क्लासला घालायची हिला,” म्हणाला. तू किती कौतुकानं चहा केलास त्यांना. पुढच्या रविवारी सांगावं म्हणलं. मग त्याच्या पुढच्या. जितका उशीर झाला तितकं अवघड होत गेलं.

तनुजा : आन् मी रोज रात्री काय काय डोळ्यासमोर आणत होते, ते ठाव हाय का तुम्हाला? तुम्हाला क्लासनं काढलं असतं तर मी एक दिवस रडले असते. बस, एक दिवस.

ईश्वरप्पा : रागावलीस?

तनुजा : तुम्हीच सांगा काय करू. हसू का?

मल्लम्मा : ईश्वर, तिथं जेवतोस का नीट?

ईश्वरप्पा : जेवतो, अव्वा. चांदबीकडनं कधी सालन येतं.

मल्लम्मा : मग अंगावर का न्हाई दिसत? टीव्हीत गळा बघ तुझा, नुसत्या शिरा. दर रविवारी समोर बसून जेवतोस, तेव्हा दिसलं न्हाई मला.

ईश्वरप्पा : तनुजा, एक ऐक माझं. लीलाला एवढ्यात काही सांगू नको. परीक्षा होऊ दे तिची. मी ह्या रविवारी येतो, आपण दोघं बसून ठरवू.

तनुजा : ह्या रविवारी तुम्ही येऊ नका.

ईश्वरप्पा : असं नको म्हणू गं.

तनुजा : आम्ही येतो तिकडं. तिघी.

ईश्वरप्पा : अव्वा पण? बाबा गेल्यापासून हितं आली न्हाई ती.

मल्लम्मा : मला विचार की. मी हितंच हाय. येते मी.

ईश्वरप्पा : मग लीलाला काय सांगणार?

तनुजा : काय सांगायचं त्यात? चल म्हणते, पप्पा शिकवतात ती जागा बघून येऊ.