हरण्याची घाई

आंतरशालेय स्पर्धांवरून परतणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर क्रीडाशिक्षक आणि नववीतली एक मुलगी बसली होती.

“आठशे मीटरची हातची शर्यत घालवलीस! बुद्धिबळ कसलं खेळत बसलीस?”

“जागा रिकामी होती म्हणून तुम्हीच बसवलंत, सर. लवकर हरावं म्हणून मी वजीर पुढे केला, तर समोरची मारेना.”

“का?”

“तिलाही तीच शर्यत पळायची होती.”

“अगं, मग हार मानून उठायचं!”

“तसं चालतं? सकाळी बसमध्ये सगळ्या चाली शिकवल्यात, हे नाही सांगितलंत.”

“बरं, पुढे?”

“तिला माझ्यापेक्षा छान हरता येत होतं. हरली आणि सुटली; मला जिंकले म्हणून पुढच्या फेरीला बसवून ठेवलं. ती पळत गेली आणि पहिली आली. एरवी माझ्या मागे असते.”

“असू दे गं. बुद्धिबळात शाळेचा हा पहिलाच विजय! उद्यापासून तुझं पळणं बंद.”