तेविसाव्या मैलावरचं पाणी

आश्लेषा : तुझ्या पाण्याच्या शीटमधली चौथी ओळ. माइल अकरा, ओढा. सोर्स?

शंतनू : पार्कची वेबसाइट. गेल्या महिन्यातली नोंद आहे, शेजारी लिंक दिलीय बघ.

आश्लेषा : ओके, पास. पण मार्चमध्ये ओढा वाहता असेलच असं नाही, तेव्हा प्रत्येकी चार लिटर पाठीवर. पुढे. माइल सतरा, दुसरं मिशन.

शंतनू : तिथे नळ आहे. आशू, मी दोनदा चेक केलंय गं सगळं. चार दिवसांची, बेचाळीस मैलांची वाट आहे, आणि तू अशी बघतेयस की उद्या सॉफ्टवेअर प्रॉडक्शनला जायचंय.

आश्लेषा : प्रॉडक्शनला काही फुटलं तर सॉरीची ईमेल जाते. ॲरिझोनाच्या वाळवंटात पाणी चुकलं तर कुणाला ईमेल करू? पंधरा वर्षं टेस्टिंग करतेय मी. डेव्हलपर म्हणाला ना, दोनदा चेक केलंय, की तिसऱ्यांदा मीच बघते.

शंतनू : बघ बाई. मी तोवर गॅरेजमध्ये जाऊन डिहायड्रेटरमधलं वाटेसाठीचं पिठलं वाळलं का ते पाहतो.

आश्लेषा : पिठल्याला अजून दोन तास आहेत. बस इथे. ही मिशनची चर्चं बांधणाऱ्या त्या स्पॅनिश पाद्र्यांचं डोकं मात्र चांगलं होतं हं. एका मिशनपासून दुसरं एका दिवसाच्या चालीवर. दुसरं आणि तिसरं तेवढं लांब पडलं. आणि त्यांच्या मधे ही ओळ, माइल तेवीस, टाकी. मॅपवर तर इथे काहीच नाही.

शंतनू : गुरांसाठीची टाकी आहे. पवनचक्की आहे ना जुनी, तिच्या मागे.

आश्लेषा : पवनचक्की बंद पडलीय असं लिहिलंय मॅपवर.

शंतनू : चक्की बंद आहे. टाकी भरतात रँचवाले. म्हणजे, भरत असणार.

आश्लेषा : आणि नोट काय लिहिलीयस. 'वरून पाणी घेऊ नये, शेवाळ असतं. उत्तरेच्या बाजूला खाली पाइपला व्हॉल्व्ह आहे. उलटा फिरतो, जोर लावावा लागतो.' सोर्सचा कॉलम रिकामा.

शंतनू : कुठल्यातरी फोरमवर वाचलं असेल मी.

आश्लेषा : लिंक?

शंतनू : सेव्ह करायची राहिली यार. एवढं काय त्यात.

आश्लेषा : एकवीस ओळी आहेत, शंतनू. वीस ओळींना सोर्स आहे, तारीख आहे, एका ठिकाणी तर रेंजरचं नावसुद्धा आहे. इथेच नाही. आणि नुसतं वाचून कुणी असं लिहीत नाही. जोर लावावा लागतो म्हणे. हे कुणीतरी स्वतः तो व्हॉल्व्ह फिरवून लिहिलेलं आहे.

शंतनू : मग असेल ना कुणीतरी. मी कॉपी केलं.

आश्लेषा : थांब, खाली फोटोची लिंक आहे.

शंतनू : ती राहू दे. चुकून पेस्ट झालीय.

आश्लेषा : उघडली मी.

शंतनू : आशू, लॅपटॉप दे इकडे.

आश्लेषा : का? टाकीच तर आहे. व्हॉल्व्ह, पाइप, आणि खाली कुणाचे तरी बूट. फोटो चांगला आलाय की. पण हा तुझ्या अल्बममधून उघडलाय. वर तुझं नाव आहे.

(गॅरेजमधल्या डिहायड्रेटरची घरघर ऐकू येते.)

आश्लेषा : तारीखपण आहे. पंधरा मार्च, दोन हजार सतरा.

शंतनू : पुढे बघू नकोस.

आश्लेषा : दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. तिथली वेळ. म्हणजे इथले चार चाळीस. नाही, हे चुकलंय काहीतरी. फोटोंच्या तारखा चुकतात, फोन बदलला की काहीही होतं. शंतनू, ही तारीख चुकीची आहे ना? चुकीची आहे म्हण ना.

शंतनू : बरोबर आहे.

आश्लेषा : पंधरा मार्चला तू फीनिक्सला डेटा सेंटरमध्ये होतास. गो-लाइव्ह होतं, बँकेची नवी सिस्टीम सुरू होणार होती. तिथे फोन आत नेऊ देत नव्हते.

शंतनू : आशू, मी सांगतो. मला सांगायचंच होतं, फक्त...

आन्या : बाबा, कॅन समवन ड्रॉप मी? टेनिसला लेट होतंय. आणि आजीचा व्हॉइस मेसेज आलाय, लाइक, फाइव्ह मिनिट्सचा.

आश्लेषा : काय म्हणते आजी?

आन्या : नागपुरात सगळ्यांना सांगून झालंय तिचं. जावई मुलीला फिरायला नेतोय, ऑल दॅट. आणि म्हणे बाबांनी तुझ्यासाठी जॉब सोडला होता, असा जावई शोधून सापडत नाही. बाबा, व्हॉट जॉब? यू नेव्हर टोल्ड मी.

शंतनू : नंतर सांगतो, बाळा.

आश्लेषा : वीणामावशीला फोन कर. ती तिच्या कुशला टेनिसला सोडायला निघाली असेल, तुलाही घेईल.

आन्या : कॉल केला ऑलरेडी, शी इज आउटसाइड इन टू मिनिट्स. आर यू गाइज ओके?

आश्लेषा : चहा नाही झाला अजून. जा तू, पाण्याची बाटली घे.

शंतनू : गेली. आशू, इकडे बघ.

आश्लेषा : नाही बघत. बोल.

शंतनू : रविवारी रात्री पोचलो मी फीनिक्सला. सोमवारी सकाळी नऊला क्लायंटकडे गेलो, तर मॅनेजरनं खालीच गाठलं. प्रोजेक्ट बंद, म्हणाला. बॅज तिथेच घेतला. अकराला माझ्या कंपनीतून फोन आला, मलाही काढतायत म्हणून. म्हणजे व्हिसाचे साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सगळ्यांनी देश सोडायचा. तुला पाचवा महिना होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, बीपी चढू द्यायचं नाही, टेन्शन नको. मी मोटेलच्या लॉबीत बसलो होतो आणि तुला काय सांगू ते सुचेना. समोर त्या मिशनच्या वाटेचं पत्रक पडलं होतं. उचललं, वाचलं, परत वाचलं.

आश्लेषा : आणि मला मेसेज केलास. मंगळवारी सकाळी. मला पाठ आहे तो. 'गो-लाइव्ह सुरू झालं. फोन जमा करतात. शुक्रवारपर्यंत काळजी करू नको. दूध पीत जा.'

शंतनू : हो.

आश्लेषा : मी मोटेलला फोन केला होता. बुधवारी दुपारी, पोटात दुखायला लागल्यावर. ते म्हणाले, चेक-आउट केलंय. तू नंतर सांगितलंस, क्लायंटनं गेस्ट हाऊसला हलवलं. मी विचारलंसुद्धा नाही कुठलं गेस्ट हाऊस. लोकांच्या कोडमधला अर्धविराम पकडते मी, आणि हे खरं धरून विषयच बंद करून टाकला.

शंतनू : तुझी काय चूक त्यात.

आश्लेषा : माझी चूक मी शोधत नाहीये. मला एवढंच कळू दे की मी नऊ वर्षं काय काय खरं धरलं. त्या बँकेचं कार्ड कात्रीनं कापलं मी, माहितेय? तुझ्या क्लायंटचं. आयसेलिनला मामाकडे गेलो तेव्हा ओक ट्री रोडवर त्यांची शाखा दिसली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. वीणाला म्हणाले, या लोकांनी माझ्या नवऱ्याला माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. आणि ते बिचारे कुठेच नव्हते.

शंतनू : त्यांनी मला काढलं तर होतंच ना पण.

आश्लेषा : मग नोकरी सोडलीस ते?

शंतनू : मी तसं कधी म्हणालो नव्हतो, आशू. मी शनिवारी घरी आलो. तेव्हा आपल्याकडे राहायला आलेल्या तुझ्या आई दारातच भेटल्या. त्यांना म्हणालो, नोकरी गेली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'बरं केलंत, लाथ मारलीत असल्या नोकरीला.' त्यांनी ते आपल्या मनानंच धरलं. मग तू धरलंस. मी पुढे बोललो नाही.

आश्लेषा : माझ्या आईनं तुझ्या पायावर पाणी घालायचं तेवढं बाकी ठेवलंय. बहिणींच्या लग्नात, बारशात, कुठेही गेली की हेच सांगते. माझी भाची नवऱ्याशी भांडली, तर तिला तुझं उदाहरण दिलं रे तिनं. आणि तू तिथे बसून ऐकलंस. शेव खात.

शंतनू : दर वेळी वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, आता फार उशीर झाला.

आश्लेषा : आत्ता दोन मिनिटं मला वाटलं, दुसरी कुणी बाई असेल. खरं सांगते, ते सोपं गेलं असतं. त्याला काय म्हणायचं ते तरी ठाऊक असतं माणसाला.

शंतनू : कुणी नव्हतं. एकटाच होतो. एक म्हातारा रँचवाला भेटला, त्यानं तो व्हॉल्व्ह दाखवला, तेवढंच.

आश्लेषा : मग फोटो कशाला लावलास शीटमध्ये? नसता लावला तर मरेतोवर कळलं नसतं मला.

शंतनू : त्या पट्ट्यात दुसरं पाणी नाही. मी गेलो होतो तेव्हा माझं संपलं होतं. तुला तो व्हॉल्व्ह सापडायला पाहिजे, मला काही झालं तरी. म्हणून लावला. तारीख दिसेल हे डोक्यातच आलं नाही.

आश्लेषा : आणि ही ट्रिप? तू म्हणालास, यंदा पंधरा मार्चला घरात नको बसायला. नऊ वर्षं तू दिवा लावतेस आणि जेवत नाहीस, यंदा कुठेतरी जाऊ. मी वीणाजवळ रडले होते त्या दिवशी, की बघ, याला आठवण असते.

शंतनू : मला तिथे सांगायचं होतं तुला. तिसऱ्या दिवशी, त्या टाकीपाशी. इथे या टेबलावर तोंड उघडत नाही माझं. वाटलं, तिथे उघडेल.

आश्लेषा : तेवीस मैल आत.

शंतनू : हो.

आश्लेषा : जिथून मला गाडी काढून निघून जाता येणार नाही. आईला फोन करता येणार नाही. रात्री तुझ्याच तंबूत झोपावं लागेल. असा विचार केलास?

शंतनू : असा नव्हता केला. पण आता तू म्हणतेस तर... तसंच होतं ते. सॉरी.

आश्लेषा : सतरा कॉल केले मी तुला. आईला गाडी येत नाही, आन्या पाच वर्षांची. वीणा तेव्हा नवीन होती शेजारी, तिचं नावही मला नीट माहीत नव्हतं. तिनं मला उचलून गाडीत घातलं. सीटवर टॉवेल घातला तिनं, तिची नवी गाडी होती ना, आणि मी तिला सॉरी म्हणत होते. दवाखान्यात फॉर्मवर नवऱ्याची सही लागते असं काही नव्हतं, पण नर्सनं विचारलं, बाळाचे वडील येतायत का. मी म्हणाले, तो काम करतोय, त्याला कळलं की धावत येईल. पावणेपाचला सगळं संपलं. मुलगा होता. तू त्याला पाहिलं नाहीस. मी एकटीनं पाहिलं.

शंतनू : मला माहीत आहे.

आश्लेषा : नाही, तुला माहीत नाही. तुला मी सांगितलेलं माहीत आहे. आता मला एक सांग. पावणेपाच. म्हणजे तिथले पावणेदोन. फोटो काढून पाच मिनिटं झाली होती. काय करत होतास?

शंतनू : नको आशू.

आश्लेषा : काय करत होतास?

शंतनू : पाणी प्यायलो. बाटल्या भरल्या. मग टाकीच्या सावलीत बसलो आणि जेवलो. तुझ्या आईंनी प्रवासासाठी दिलेल्या दशम्या होत्या, दोन उरल्या होत्या. मग बूट काढले आणि आडवा झालो.

आश्लेषा : झोपलास.

शंतनू : नाही. जागा होतो. वर बघत पडलो होतो. खरं सांगू?

आश्लेषा : आता खोटं कशाला सांगशील.

शंतनू : मला बरं वाटत होतं. नोकरी नव्हती, फोन नव्हता, कुणाला काही उत्तर द्यायचं नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं होतं. घराची आठवणसुद्धा येत नव्हती. मी आनंदात होतो, आशू. त्या वेळेला. कुठे होतो ते मी एखादे वेळी सांगितलंही असतं तुला. हे सांगता येत नव्हतं.

आश्लेषा : पावणेपाचला.

शंतनू : पावणेपाचला. शुक्रवारी रस्त्याला लागलो तेव्हा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. मी तिथेच खाली बसलो, ट्रक जात होते बाजूनं.

आश्लेषा : तुझं रडणं नको मला आत्ता. मला माझं येत नाहीये अजून.

शंतनू : पाणी देऊ?

आश्लेषा : नको. परमिट किती जणांचं आहे?

शंतनू : दोघांचं. आत्ता कॅन्सल करतो, पैसे गेले तर गेले. विमानाचंपण बघतो.

आश्लेषा : कॅन्सल नको करू. तुझं नाव काढ आणि वीणाचं घाल. ती रोज पाच मैल चालते, तिला जमेल. मी विचारते तिला. ती नाही म्हणायची नाही.

शंतनू : तू जाणार? तिथे?

आश्लेषा : पंधरा तारखेला मला त्या टाकीपाशी बसायचंय. एकदा बघू दे मला ती जागा, जिथे त्या वेळी कुणाला तरी बरं वाटत होतं. नंतर आपलं काय करायचं ते आल्यावर बघेन, आत्ता विचारू नकोस. आणि आईला तूच सांगायचंस. आज. तिकडे आता संध्याकाळ झालीय, दिवा लावून बसली असेल ती.

शंतनू : सांगतो. आणि चार दिवस मी काय करू?

आश्लेषा : घरी राहा. आन्याला डबा दे, प्रॅक्टिसला सोड. तिथे सिग्नल नसतो, माझा काही फोन येणार नाही. तरी तू फोन हातात ठेव.