शेणानं सारवायचं कोणी?

जुन्नरच्या एसटी स्टँडवर डोंगराकडचे सावळेराम आणि सिमेंटचे दुकानदार राजमहंमद माझ्याच बाकावर गाडीची वाट बघत होते.

"भाऊ, स्लॅब टाकल्याबिगर पोराला पोरगी मिळंना म्हणत व्हता ना?" राजमहंमदनी विचारलं.

"आता नाय टाकत. शेजारी पुण्याचा साहेब मातीचं घर बांधतोय. आमच्या कुडाच्या भिंती बघून त्यानं हातच जोडले. म्हणला, पर्यावरणाला लई चांगलं."

"आन् पोरीचा बाप?"

"त्यालाबी तेच ऐकवलं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार! पाघळला, राव."

"म्हंजी माझं सिमेंट बोंबललं."

"पण पोरगी रुपाली लई तिखट. म्हणली, दर आठ दिसाला शेणानं सारवायचं कोणी?"

"मग?"

"आमी दोघं व्याही कौलं मोजत बसलो. शेवटी आमचा पोरगा दादाभाऊच म्हणला, मी सारवीन."

"शाबास! जमलं म्हणा की."

"त्यांचं जमलं. पण आमच्या मंडळी दाराआडून ऐकत व्हत्या."

"काय म्हणल्या?"

"पोरगा बायकोसाठी सारवणार, तर माझ्या सैपाकघराची जमीन आजपासून तुमची."

"हां. मग सिमेंटच्या किती गोण्या धाडू?"