नव्व्याऐंशीचे नव्व्याण्णव

नाव वेगळ्या कागदावर दिले आहे; दवाखान्यात मला मोठ्या सिस्टर म्हणतात. वय ४७ वर्षे, धंदा परिचारिका, राहणार दवाखान्यामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर.

कोणी बोलावले नसताना स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, साथ सुरू झाल्यापासून घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना मी रोज सकाळी फोन करते. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा विचारायचा आणि वहीत लिहायचा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना सांगायचे. कामावर आम्ही दोघीच उरलो होतो. दुसरी छोटी सिस्टर, वय २३, लागून पाच महिने झाले. बाकीच्या तिघी आजारी होत्या.

मंगळवारी यादीत बावन्न नावे होती. अकराच्या सुमारास शिवणकाम करणाऱ्या मावशींना फोन लावला. टेबलावरचा दुसरा फोन वाजत होता. मी म्हटले, "मावशी, पटकन आकडा सांगा." त्या म्हणाल्या, "नव्व्या..." आणि खोकला आला. मी म्हटले, "नव्व्याण्णव? वा, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत!" त्या हसल्या की खोकल्या, मला कळले नाही. मी ९९ लिहिले आणि पुढचा नंबर लावला. दम लागून शब्द अर्धा राहिला, हे वीस वर्षे नोकरी केलेल्या बाईला कळायला हवे होते.

पान संपले की जी मोकळी असेल ती खाली सही करते. त्या दिवशी मी इंजेक्शने द्यायला गेले होते. सही छोटीने केली.

बुधवारी वहीप्रमाणे पुन्हा तोच नंबर लावला. मुलाने उचलला. मी विचारले, "मावशींचा आज आकडा किती?" तो म्हणाला, "आई पहाटे गेली. काल नव्व्याऐंशी होता. तुम्हाला सांगितलंय, आता गाडी येईल, म्हणून ती दिवसभर चपला घालून बसली होती." मी फोन ठेवला.

मुलाने तक्रार दिली. वहीत सही छोटीची, म्हणून तिला घरी बसवले आणि इथे दोनदा बोलावले. तिने मला विचारले, "ताई, तो फोन मी केला होता का हो? मला काही आठवतच नाही." मी नऊ दिवस मूग गिळून बसले. भीती वाटली, लाज वाटली, आणि खरे सांगायचे तर नोकरी सोडवेना.

त्या दिवशी कुठेच खाट नव्हती, आकडा बरोबर लिहिला असता तरी काय झाले असते, असे डॉक्टर म्हणतात. ते जबाबात घालू नये, असे मी सांगितले. साहेब म्हणाले, सांगितले ते सगळे लिहावे लागते.

वहीतले अक्षर माझे आहे. वरील मजकूर मला ऐकवला, मी बोलले तसाच आहे. सही करण्याआधी मी म्हटले, "आता छोटीचं नाव काढा." साहेब म्हणाले, "बाई, तक्रारीतलं नाव काढता येत नाही. तुमचं वाढवता येतं."