चाळीस घरांचे दिवे

(उंच इमारतीतलं चौदाव्या मजल्यावरचं मोकळं घर. इमारतीचा वॉचमन आणि त्याची मोठी बहीण.)

ताई : ...मग या घरात राहतं तरी कोण?

वॉचमन : कुणी नाही. चप्पल काढ, फरशीवर उमटलं तर मलाच पुसावं लागतं.

ताई : आणि तू दिवा कुणासाठी लावतोस?

वॉचमन : रस्त्यावरून बघणाऱ्यांसाठी. साहेब म्हणतात, अंधारी इमारत विकली जात नाही. रोज संध्याकाळी दिवा लावायचा, पाइप गंजू नयेत म्हणून नळ पाच मिनिटं सोडायचा, की पुढचं घर. चाळीसपैकी तीन घरांत माणसं आहेत.

ताई : आणि मी खालून बघायचे, म्हणायचे, माझा भाऊ केवढ्या गजबजाटात राहतोय.

वॉचमन : नळ बंद कर तो.

ताई : केला. आता या अर्जावर सही कर. रिकाम्या घरांवर कर बसवायचा, त्यातून स्वस्त भाड्याची घरं बांधायची. गेल्या वर्षी हाच कागद घेऊन फिरले तर लोक तोंडावर दार लावायचे. आता आमच्या दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या झाडून सगळ्या आयांनी सही केली. मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. त्यांच्या लेकीला घर परवडेना.

वॉचमन : डॉक्टरांची नोकरी जात नाही. घरं भरली तर दिवे लावायला मला कोण ठेवेल?

ताई : माणसं आली की फाटक उघडायला लागतंच कुणीतरी.

वॉचमन : तुझं सगळं सोपं असतं बाई.

ताई : घरी फोन केलास?

वॉचमन : केला. खोली मिळाली का, बायको विचारत होती. म्हटलं, बघतोय. तीन वर्षं बघतोयच. एकदा फोनवर धाकटीला हा हॉल दाखवला, तर ती शाळेत सांगत सुटली, माझ्या बाबांची चाळीस घरं आहेत.

ताई : झोपतोस कुठे रे तू?

वॉचमन : खाली, पंपाच्या खोलीत. पहाटे पंप सुरू झाला की जाग येते. बरं वाटतं. कुणीतरी उठलंय असं वाटतं. अशी बघू नकोस. आण तो कागद.

ताई : आणि नोकरी?

वॉचमन : गेली तर बघू. इतकी दारं उघडतो, एका घरातून कुणी 'आलास का' म्हणत नाही. पेन दे. हं, नाव झालं. सही झाली. ताई, इथे पत्ता मागतायत.

ताई : मग लिही की.

वॉचमन : तुझा लिहू?