एकविसावा मोदक

साखर तपासायला लॅबमध्ये उपाशी पोटी बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी पलीकडच्या बाईंना विचारलं,

“वहिनी, हेदवीच्या गाडीत मला मोदक भरवलात त्या तुम्हीच ना?”

“अगोबाई, तुम्ही होय. आता बरं आहे ना?”

“तुमच्यामुळे. गोळी घेतली नि जेवायचं राहिलं. साखर इतकी उतरली की जीभ वळेना. सगळे म्हणत होते, प्यायलाय, उतरवा याला.”

“मी तुमचा घाम बघितला. आमच्या ह्यांनाही तसाच सुटायचा. कधी साखर चढायची, कधी एकदम उतरायची.”

“तेव्हापासून खिशात खडीसाखर ठेवतो. पण तो डबा नैवेद्याचा होता, हे मला मागाहून कळलं.”

“होता ना. ह्यांची साखर एकदाची ताळ्यावर आली, म्हणून दशभुजा गणपतीचा नवस फेडायला निघाले होते. एकवीस मोदकांचा.”

“आणि त्यातला एक मी आधीच उष्टावला. मग देवापुढे वीसच ठेवलेत?”

“वीसच. हात जोडले नि सांगितलं त्याला, एकविसावा तू गाडीतच खाल्लास.”