सीलची कड कुणीकडे

मला सगळं नीट आठवतंय असं छातीठोकपणे सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती एवढं नक्की. मुळशी धरणाच्या पलीकडे बहिणीकडे दत्तोबाला होडीनंच जायचं होतं आणि होडीच्या जुन्या मोटरीत पाणी शिरत होतं. आतलं रबरी सील काही केल्या निघेना. आतल्या दांड्यावर ओरखडा पडेल म्हणून माझा जीव खालीवर. शेवटी दत्तोबानं सीलमध्ये स्क्रू पिळला आणि पकडीनं ओढलं. सील उडालं, कुत्र्यानं ते उचललं आणि कुत्रा पसार झाला.

आता नव्या सीलची कड, म्हणजे अडवणारी ओठासारखी बाजू, कुणीकडे करायची? जुन्याची कुणी पाहिलीच नव्हती.

"पाण्याकडे," मी म्हणालो. "पाणी अडवायचंय ना?"

"तेल अडवायचं आसतंय, सर. आत करा."

"दत्तोबा, मी डॉक्टरेट केलीय."

"मोटरीत?"

"इतिहासात."

वहिनी, म्हणजे दत्तोबाची बायको, त्याला म्हणाल्या, "सरबी होडीत बसणार हायेत, अन् त्यान्ला पवता येत न्हाई. त्यांचं ऐका."

भाऊबीज झाली, आम्ही कोरडे परतलो.

काही वर्षांनी त्या मोटरीचं माहितीपुस्तक मिळालं. सीलं दोन असतात, पाठीला पाठ लावून: एक पाण्याकडे, एक तेलाकडे. आम्ही काढलं ते माझ्या बाजूचं. दत्तोबाचं अजून आतच घट्ट बसलंय.